पिशवीचं तोंड बांधल्यावर

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. वीज गेली नव्हती. घरात कुणी एकटं नव्हतं. रविवारची भर दुपार होती आणि खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

आमचं भाड्याचं घर तळमजल्यावर. मागच्या खोलीची भिंत न्हाणीघराला लागून आहे. आतला पाइप कधीपासून झिरपत होता, देव जाणे. कपाट सरकवलं तेव्हा कळलं.

भिंत दिसतच नव्हती. नुसती बुरशी. काळपट हिरवी, मखमलीसारखी.

त्याच भिंतीला टेकून माझ्या लेकीचा पलंग होता.

तिला आम्ही चिमी म्हणतो. अजून शाळेतही जात नाही, एवढीशी. खोकून खोकून बेजार झाली होती. तिचा खोकला मी हजारांत ओळखेन. आधी दोन छोटे ठसके. मग शीळ घातल्यासारखा एक लांब श्वास. आणि मग, "आई... पाणी."

दर वेळी हेच. ह्याच क्रमाने.

डॉक्टर म्हणाले, "औषधं मी देतो हो, पण ती खोली पोरीला रोज आजारी पाडतेय. आधी ती साफ करा. पुढच्या वेळी श्वास अडकला, तर माझ्यापर्यंत पोचाल याची खात्री नाही."

हे ऐकल्यावर कोणत्या आईचा डोळा लागेल?

पाइप दुरुस्त करून घेतला. बाकीचं मी वाचून काढलं. बुरशी कोरडी खरवडायची नाही, ती हवेत उडते. आधी फवाऱ्याने ओली करायची. दाराला प्लास्टिक चिकटवून खोली बाकी घरापासून तोडायची. काच, लोखंड पुसून ठेवता येतं. गादी, उशी, प्लायवूड, म्हणजे जे जे पाणी पितं, ते टाकायचं. जाड पिशवीत भरायचं, तोंड पिळून चिकटपट्टीने बांधायचं, बाहेरून ओल्या फडक्याने पुसायचं आणि दुसऱ्या पिशवीत घालायचं.

आणि एकदा बांधलेली पिशवी पुन्हा उघडायची नाही. काही झालं तरी.

हे शेवटचं मी नवऱ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

सकाळीच नणंद येऊन चिमीला तिच्या घरी घेऊन गेली. आम्ही मास्क, चष्मे, हातमोजे चढवले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"भिंत खरवडायला निघालात, की चंद्रावर?"

"तुझ्या सुनेची मोहीम आहे," नवरा म्हणाला. "परत आलो तर जेवायला वाढ."

"हो, पण आधी आंघोळ कर. तसाच बसशील पाटावर, भूत कुठला!"

आम्ही हसलो. दाराला प्लास्टिक चिकटवलं. सासूबाई पलीकडे, आम्ही दोघं अलीकडे.

दुपारपर्यंत भिंतीचा खराब गिलावा निघाला. कपाटाची पाठ निघाली. चिमीची गादी कापून भरली. शेवटी तिची उशी राहिली. वरून पिवळी, बदकांच्या चित्रांची. उलटी केली तर खालून काळीभोर.

ह्यावर तोंड खुपसून झोपायची माझी पोर.

ती उशी मी स्वतः पिशवीत घातली, तोंड पिळलं, पट्टी गुंडाळली. वर दुसरी पिशवी चढवली.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. हातमोज्याच्या बोटाने कसाबसा स्पीकर लावला.

"वहिनी, काळजी सोड. बाईसाहेब गाढ झोपल्यात. आणि गंमत सांगू? इथे आल्यापासून एकदाही खोकली नाही."

किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

आणि माझ्या पाठीमागे...

दोन छोटे ठसके.

मी फोनकडे पाहिलं. "उठली का गं ती?"

"नाही गं. ही काय, माझ्यासमोर झोपलीय."

नवऱ्याचा हात भिंतीवरच थांबला होता. तो फोनकडे बघत नव्हता. तो पिशवीकडे बघत होता.

मग... शीळ. लांब, बारीक.

"हवा असेल," तो म्हणाला. "आत अडकलेली. प्लास्टिक वाजतं असं."

मी मान हलवली. हवाच असणार.

"आई..."

दोन थरांच्या आतून. दबलेलं.

"...पाणी."

फोन कधी बंद केला, आठवत नाही. दोघांनीही ऐकलं होतं. एकालाच ऐकू आलं असतं तर भास म्हणून सोडून दिलं असतं. पण दाराच्या प्लास्टिकपलीकडून सासूबाईंचा आवाज आला.

"अगं, पोर आली वाटतं? कधीची खोकतेय! पाणी दे की तिला!"

नवऱ्याने कटर उचलला.

"उघडतो."

मी त्याचा हात धरला. "नाही."

"अगं, पण ती..."

"ती तिकडे झोपलीय. आत्ता ऐकलंस ना? मग हे कोण आहे? हे उघडून घरात सोडायचं? तिच्या खोलीत?"

त्याने कटर खाली ठेवला. त्यानंतर पिशवीतून काहीच आवाज आला नाही.

अजिबात नाही. कुणीतरी आमचं बोलणं ऐकलं असावं तसं.

राडारोडा नेणारी गाडी आली. पिशव्या घरातून न्यायच्या नाहीत म्हणून आम्ही खिडकीतून देत होतो. ती पिशवी घेताना तो माणूस थबकला.

"ताई, ओलं सामान म्हणालात ना? मग ही कोमट कशी?"

त्याने ती खांद्यावर टाकली. जाताना प्लास्टिक जरा फुगत होतं... बसत होतं... फुगत होतं. झोपलेल्या लेकराच्या पाठीसारखं.

गाडी गेली.

संध्याकाळी चिमी आली. खोकला गेला तो गेलाच. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी नळी लावून दोन-दोनदा ऐकलं. "छाती एकदम स्वच्छ. जिंकलात तुम्ही!"

सगळे खूश आहेत. सासूबाईंनी त्या दुपारचा पुन्हा विषय काढलेला नाही. नवराही काढत नाही.

पण चिमी... ती बाबाला बाबा म्हणते. आजीला आजी, आत्याला आत्या. मला काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की बाही ओढते. पाणी तर मागतच नाही, दिलं तर पिते. एकदा मी तिला मांडीवर घेऊन विचारलं, "मी कोण गं?"

तिने खूप विचार केला. खरंच आठवून बघितलं तिने. मग मान वळवून खिडकीबाहेर बघत बसली.

न राहवून मी कचरा टाकतात त्या मैदानावर गेले. कुणाला न सांगता. गावाबाहेर ढिगारेच ढिगारे, आणि एक यंत्र ते सपाट करत होतं. आमची पिशवी कुठे असणार होती आता?

कडेला एक बाई उभी होती. तोंडावर मास्क. तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, "मुलगी?"

मी मान हलवली.

"माझा मुलगा. आमच्या स्वयंपाकघराची भिंत होती."

थोड्या वेळाने यंत्र थांबलं. वारा पडला. आणि ढिगाऱ्याच्या खालून...

ठसके.

एका पोराचे नाहीत. इथून. तिथून. पार टोकापर्यंत.

माझं तोंड उघडलं. मी नाव घेणार, तोच त्या बाईने माझं मनगट घट्ट धरलं.

"हाक मारू नका. मी मारली होती."

"मग?"

"सगळ्यांनी ओ दिली."

मी पळत सुटले. पुन्हा तिकडे गेले नाही.

आता मागची खोली पांढरीशुभ्र आहे. भिंत खडखडीत कोरडी. चिमी तिथेच खेळते. ठणठणीत आहे. तिला घेऊन मी कुठल्या डॉक्टरकडे जाऊ, आणि जाऊन काय सांगू?

तिला हाक मारली की ती लगेच बघत नाही. आधी थांबते. मान जराशी कलती करते... दुसरं कुणी ओ देतंय का, ते ऐकल्यासारखी. मग येते.

काल मी हाक मारली.

ती थांबली. मान कलती केली. ऐकलं.

आणि परत खेळायला लागली.