ताराचंदचे चोवीस पुडे

चोवीस

२०१४ चा मे. सालेकसाजवळच्या फडीवर, म्हणजे तेंदूपानं वाळवायच्या मैदानावर, रुक्माबाईनं नवऱ्याचे पुडे ओळीनं मांडले. घशाखाली धड पाणी उतरत नव्हतं, तरी नागपूरला जाण्याआधी ताराचंदनं सत्तर-सत्तर पानं लावून ते बांधले होते. त्याची गाठ म्हणजे गाठ. सोडवायला विळाच लागायचा.

सकाळी, आत नेण्याआधी, त्याचा फोन आला होता.

"दुर्बिणीनं करून राहिले आपरेशन. अन्ननळी काढतेत, बाजूच्या गाठी बी काढतेत. मी डॉक्टरले म्हणलो, माही गाठ तुमाले नाही सुटत, सायब. माह्या फटदातीले बोलवा."

"चूप बसा जी!" समोरच्या दोन दातांतली फट पदराआड लपवत रुक्माबाई हसली.

एकोणीस

अकराच्या सुमारास पाच पुडे सुटले. वारा नव्हता. दोऱ्या तुटल्या नव्हत्या; गाठी तेवढ्या उकलल्या होत्या.

"काऊन जी, वहिनी?" मुन्शी हिरालाल ओरडला. "ताराचंदभाऊची गाठ अन् सुटली? लग्नाची बी पाहून घ्या!"

साऱ्या बाया खिदळल्या. तीही.

अकरा

ओळीच्या डाव्या टोकापासून, एकेक. घाई नाही. कोणीतरी शिकलेल्या हातानं सोडवावं तसं. प्रत्येक पुडा सुटताना पानं हलकेच उसासत.

आता ती हसत नव्हती. मोजत होती.

एक

तीन वाजता मुलाचा, अश्विनचा फोन.

"आई, झालं! साऱ्या गाठी निघाल्या म्हणते. आता टाके घालून राहिले."

रुक्माबाईनं ओळीकडं पाहिलं. तेवीस मोकळे. एक घट्ट.

"थांबव त्याईले."

"कोणाले?"

फोन कटला.

तिनं नखं लावली. विळा घेतला, पण पातं टेकवेना. जित्या अंगावर ठेवल्यासारखं वाटलं.

मग ती वाकली. दात लावले.

दोरी उबदार होती.

शून्य

"आई, टाके घालता घालता डॉक्टर थांबले. नळीमागं एक राहिली होती. आपसूक हाती आली म्हणते."

पुन्हा मोजणी

तीन आठवड्यांनी ताराचंद घरी आला. रिपोर्टात लिहिलं होतं : काढलेल्या गाठी चोवीस. कॅन्सर फक्त एकीत, शेवटी तपासायला पाठवलेल्या डबीतल्या गाठीत.

रुक्माबाईनं चमचाभर पेज भरवली. सगळे त्याच्या गळ्याकडं बघत राहिले. उतरली! हिरालालनं आणलेली जिलेबी बाकीच्यांनीच फस्त केली.

"भूल लय जबरी," ताराचंद म्हणाला. "काहीच याद नाही. फक्त शेवटी कोणीतरी आतून चावलं."

"डॉक्टर होता का कुत्रा?" हिरालाल हसून लोळायचा बाकी राहिला.

"माहीत नाही बापा." ताराचंदनं दुसरा चमचा घेतला. "पण दातांत फट होती."

रुक्माबाईनं पदर तोंडावर ओढला.