उजवा खांदा, एक आणि दोन

"उजवा खांदा, आत या."

काउंटरवरच्या मावशींनी हाक मारली आणि दोघं एकदम उभी राहिली.

मावशींच्या लक्षात नावं राहत नसत, दुखणी राहत. त्यामुळे त्या दवाखान्यात माणसं नव्हतीच. मान होती, कंबर होती, डावा गुडघा होता. आणि त्या मंगळवारी संध्याकाळी उजवे खांदे निघाले दोन. एक गणिताच्या बाईंचा. दुसरा एका उंच माणसाचा, ज्याच्या शर्टाचं कापड नेमकं त्याच खांद्यावर घासून घासून विरलं होतं.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "माझ्या खांद्याला थांबायची सवय आहे. जिन्यात कपाट अडकलं की तास तास थांबतो तो."

"जिन्यात कपाट?"

"सामान हलवतो मी. लोकांची घरं इकडून तिकडे नेतो. भिंती तेवढ्या सोडून."

बाई हसल्या... हसताना खांदा हलला आणि "आई गं" करून थांबल्या. ओळख झाली ती अशी, अर्ध्या हसण्यावर.

आत कायरोप्रॅक्टर डॉक्टरीणबाई होत्या, म्हणजे मणके आणि सांधे नुसत्या हातांनी मोकळे करणाऱ्या. त्यांनी बाईंच्या मानेपासून पाठीपर्यंत बोटं फिरवली. "दुखतोय खांदा, पण आखडलीये पाठ," त्या म्हणाल्या. मग एक हलका दाब, पाठीत 'कट्', आणि बाईंना वाटलं, कुणीतरी आतली खिडकी उघडली.

"जादू नाहीये ही. दोन-तीन महिने लागतील, आणि निम्मं काम तुमचं."

निम्मं काम म्हणजे बाहेरच्या खोलीतली भिंत. तिच्यावर बोटांनी गोगलगायीसारखं वर चढायचं आणि दुखलं की थांबून पेन्सिलने खूण करायची. दर मंगळवारी दोन उजवे खांदे शेजारी शेजारी ती भिंत चढू लागले. बाईंच्या खुणा सरळ आडव्या, पट्टीने मारल्यासारख्या. त्याच्या तिरक्या, आणि कितीतरी वर.

"तुमची गोगलगाय उंच आहे, म्हणून पुढे," बाई म्हणाल्या. "हा अन्याय आहे."

"मग मी वाकून चढतो."

"नको. मला तुम्हाला हरवूनच जिंकायचंय."

चौथ्या मंगळवारी मात्र बाईंची खूण मागच्याच खुणेवर पडली. त्याने काही विचारलं नाही, नुसता थांबला (सवय होतीच), आणि बाई आपणहून बोलल्या.

"मुलं मला वर्तुळबाई म्हणतात. म्हणायची. कंपास न घेता, एका दमात फळ्यावर वर्तुळ काढायचे मी. आता हात वरपर्यंत जातच नाही. परवा मागच्या बाकावरून आवाज आला... अर्धवर्तुळबाई." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मुख्याध्यापकांनी टेबलावर मोठा लाकडी कंपास आणून ठेवलाय. चांगल्या मनाने हो. पण मला तो कुबडीसारखा दिसतो."

"वर्तुळ कुठून काढता तुम्ही?"

"म्हणजे? हाताने."

"तिथेच चुकतंय. नवीन पोराला आम्ही पहिलं हेच शिकवतो. कपाट हाताने उचलायचं नाही, पाठीने उचलायचं. हात फक्त धरायला. फळ्यापासून एक पाऊल मागे उभं राहून बघा. पाठीतून."

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "महिनाभर मी हेच सांगतेय. पण पटलं कपाटवाल्यांचं."

बाईंचे कान तापले. आणि त्यांचे तापलेले कान बघून तो इतका गडबडला की म्हणाला, "जमेल तुम्हाला. आणि नाहीच जमलं तर... खांदा द्यायला मी आहेच."

कोपऱ्यातल्या कंबरेने मासिकाचं पान उलटता उलटता हात थांबवला.

"अहो," मावशी म्हणाल्या, "त्या बऱ्या व्हायला आल्यात इथे. एवढ्यात कसली तयारी करताय?"

त्याच्या धंद्यात 'खांदा दे' ही हाक दिवसातून वीसदा पडते. जड वस्तूचा एक कोपरा तू घे, एवढाच तिचा अर्थ. माणसं आणखी कुठे खांदा देतात, हे त्याला तेव्हा आठवलं. बाईंनी तोंडावर हात दाबला, डोळे भरले, आणि त्या पर्स उचलून बाहेर पळाल्या. त्याला दिसली फक्त त्यांची थरथरणारी पाठ.

पुढच्या मंगळवारी तो नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. भिंतीवरच्या तिरक्या खुणा मात्र दोन बोटं वर सरकल्या होत्या. म्हणजे येत होता... फक्त मंगळवारी नाही.

"गुरुवारी येतो," मावशींनी न विचारताच सांगितलं. "म्हणाला, बाईंना रडवलं, आता तोंड कसं दाखवू."

हात मागे जात नसल्याने बाईंची वेणी धाकटी बहीण घालायची. ती म्हणाली, "ताई, मागे मंगळवार आला की तीनतीनदा वेणी सोडायला लावायचीस. आता कशीही चालते. काय हरवलंय?"

"काही नाही. नीट घाल."

गुरुवारी पहिलाच तास भूमितीचा होता. बाईंनी खडू घेतला. एक पाऊल मागे सरकल्या. हात सैल सोडला आणि पाठीतून, अगदी आतून, खडू उचलला. वर... आणखी वर... जिथे रोज गाठ बसायची तिथे आला... आणि सहज पलीकडे गेला. खाली उतरला. निघाला होता त्याच ठिपक्यावर येऊन टेकला.

मग मागच्या बाकावरून तोच आवाज, पण हळू, "बाई... पूर्ण."

बाईंनी लाकडी कंपास उचलून कपाटात ठेवला. 'कपाट' हा शब्द मनात आला आणि त्या एकट्याच हसल्या.

"उजवा खांदा," संध्याकाळी मावशींनी हाक मारली. नंबर फक्त त्याचा होता, पण उभी राहिली दोघं.

"आज... गुरुवार आहे," तो म्हणाला.

"माहितीये. वर्तुळ पूर्ण झालं, ते सांगायला आले. आणि आभार मानायला."

"डॉक्टरांचे माना."

"मानले. या भिंतीचेसुद्धा मानले. त्यांचे मानून संपले, तुमचे संपतच नाहीयेत. मी गणिताची बाई आहे हो. जे संपत नाही त्याला नुसते आभार म्हणत नाहीत, एवढं मला कळतं."

त्याने मान खाली घातली. "त्या दिवशी तुम्हाला रडवलं मी..."

"हसत होते मी. खांदा दोन दिवस दुखला हसून." बाई एक पाऊल पुढे आल्या. "खांदा देईन म्हणालात, ते मला मान्य आहे. पण घाई नाही. आधी पन्नासेक वर्षं खांद्याला खांदा लावून चाला."

तो नुसता बघत राहिला. बाईही. कंबर, मान आणि डावा गुडघा, सगळे बघत राहिले.

"पुढचा पेशंट येतोय की नाही?" आतून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मावशींनी चष्मा काढून पदराला पुसला.

"थांबा हो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "जिन्यात कपाट अडकलंय."