बंद ठेवलेला वेग

तो खरं तर शेजारच्या चष्म्याच्या दुकानात निघाला होता. दार चुकून आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरला. आलोच आहे तर विचारतो, म्हणाला. "कॉम्प्युटरला मेमरी कुठलीही चालते ना?"

"कुठलीही चालायला ती काय सायकलमधली हवा आहे?"

तो हसला... आणि दुसऱ्या दिवशी मशीन उचलून घेऊन आला. एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचा, कामाचं मशीन स्वतःचंच. मी मदरबोर्ड पाहिला, प्रोसेसर पाहिला, दोघांनाही झेपेल अशी ३२०० वेगाची मेमरी बसवली. एकच काम उरलं होतं. नवी मेमरी आधी सावधपणे २१३३ वरच चालते. सेटिंगमध्ये जाऊन तिला पूर्ण वेग द्यावा लागतो. मिनिटाचं काम.

मी ते विसरले नाही. मी ते केलं नाही.

आठवड्याने तो आला. "मोठा नकाशा उघडताना अजून अडतंय हो."

"बघते," म्हणाले. तासभर बघितलं, त्यात गप्पाच जास्त. सेटिंगला हात न लावता मशीन परत दिलं.

दुकान मामाचं. मामा म्हणाला, "नकाशेवाल्याचं मशीन बिघडलंय, की तू?"

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. मशीन टेबलावर जोडत म्हणाला, "याचा दोष नसावा. माझाच हात मंद आहे... साहेबांनी शाळेच्या इमारतीचं काम दुसऱ्याला दिलं."

माझी मान वर होईना.

"हात मंद नाही तुमचा. वेग मी बंद ठेवला होता — मुद्दाम. तुम्ही परत यावं म्हणून."

तो खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला. "कुठे असतं ते, दाखवा. मी करतो."

मी दाखवलं. बोट आधी भलत्याच ओळीवर गेलं. ते त्याने पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. पडद्यावर ३२०० उमटलं.

"तुमच्या साहेबांना मी येऊन सांगते," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

"सांगा." तो हसला नाही. मशीन उचलून दारापर्यंत गेला — आणि थांबला.

"पावणेसहाला कचेरीत या," माझ्याकडे न बघता म्हणाला. "सहाला मी सुटतो."