थांब, मी पन येतो

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण यातलं शेवटचं जे घडलं, तेव्हा कुलदीप उरणला माझ्या शेजारी उभा होता. हे मी पोलिसांना लेखी दिलंय. खाली सही माझी आहे. उगाच कोण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल?

आणि ही मध्यरात्रीची, पिंपळाखालची गोष्ट नाही. तशी असती तर मीही हसून सोडून दिली असती. हे सगळं भरदुपारी घडलं. गेल्या वर्षी, मार्चमध्ये. थोडं उरणला आणि बाकीचं शिरवण्यात.

कुलदीप माझा मावसभाऊ. वय सव्वीस. महाप्याला एका कंपनीत हेल्पडेस्कला, कायमची नाईट शिफ्ट. सकाळी घरी यायचं, दोन घास खायचे, चार तास झोपायचं आणि उठलं की कॉम्प्युटरवर गेम. मावशी म्हणायची, माझ्या पोराचं लग्न त्या डब्याशी लागलंय. मावशी म्हणजे रंगूबाई, साताऱ्याची. हात कामाला आणि तोंड आमच्या उद्धाराला, असा तिचा दिवस जायचा. पण घरातून कोणीही निघालं की, अगदी गॅस सिलेंडरवाला का असेना, आतून तिचा आवाज यायचाच.

"नीट या रं."

हे लक्षात ठेवा.

तर कुलदीपला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. गेममधलं चित्र पळतं ते त्या कार्डावर, आणि नवीन घ्यायचं तर त्याचा दोन महिन्यांचा पगार गेला असता. एका दुपारी मोबाईलवर जाहिरात दिसली. पाहिजे तेच कार्ड, निम्म्याहून कमी किमतीत. खाली एकच ओळ... 'बिल नाही, बॉक्स नाही, आजच्या आज घेऊन जा.'

आपल्याला शंका आली असती. कुलदीपला फक्त घाई सुटली.

उरणला पोचला तेव्हा दीड वाजला होता. गल्लीच्या टोकाला बैठं घर. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. डावा हात प्लास्टरमध्ये. डावा डोळा सुजून पार मिटलेला, खाली गालापर्यंत काळंनिळं.

पडली असेल, असं कुलदीपला वाटलं.

आतून एक माणूस आला. नंदकिशोर. पस्तिशीचा, डोकं ताजं भादरलेलं. हातात कार्ड, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. त्याने पैसे मोजलेही नाहीत.

"चालू आहे ना, दादा?" कुलदीपने विचारलं.

"कार्ड चालतंय. बाकी सगला फुटला."

घरात उदबत्तीचा वास होता. कोपऱ्यात फोटो उलटा करून ठेवलेला. डोकं भादरलेला माणूस, उदबत्ती, फोटो. आपल्या घरातलं शेंबडं पोरही ओळखेल की इथे सुतक आहे. पण कुलदीपची नजर कार्डावर. त्याच्या लोखंडी पट्टीचा कोपरा जरा वाकला होता, तेवढंच त्याने बघितलं.

आणि निघताना, लहानपणापासून शिकवलेलं तोंडातून निघून गेलं.

"येतो, मावशी."

सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. गप उठायचं, चपला घालायच्या, मागे न बघता निघायचं. घरच्यांनीही 'या' म्हणायचं नसतं. परत यायची वेळ येऊ नये म्हणून.

म्हातारीने उजवा हात तोंडावर दाबून धरला.

नंदकिशोर जागीच थिजला.

आणि आतल्या बंद खोलीतून... एका तरुण मुलाचा आवाज आला. अगदी सहज.

"थांब. मी पन येतो."

कुलदीप दारात क्षणभर थांबला. घरातलं कोणीतरी सोबत येतंय म्हणून. कोणी आलं नाही. नंदकिशोरने दार लावून घेतलं, आतून कडी घातल्याचा आवाज आला. कुलदीपने बाईकला किक मारली.

तो म्हणतो, येताना गाडी जड लागत होती. उलव्यापर्यंत दोनदा खाली उतरून मागच्या टायरची हवा बघितली.

हवा बरोबर होती.

घरी आल्या आल्या त्याने पक्कड घेऊन पट्टी सरळ केली. पंख्याच्या पात्यांवर तपकिरी काहीतरी सुकलं होतं. उरणची खारी हवा, गंज असणार, म्हणून कान साफ करायच्या कापसाच्या काडीने पुसून काढलं. एका पात्याला केस अडकला होता. लांब, पांढरा. तोही ओढून टाकला.

कार्ड बसलं. गेम असा पळायला लागला की कुलदीप जेवण विसरला.

आठ दिवस काही नाही.

नाही म्हणायला, हेडफोनमध्ये कोणीतरी श्वास घ्यायचं. चौघं मिळून खेळायचे, त्यातल्याच कोणाचा माईक उघडा असेल म्हणून त्याने दोनतीनदा झापलंसुद्धा. मग एका दुपारी तिघांनीही माईक बंद करून दाखवले.

श्वास चालूच होता...

नवव्या दिवशी, शुक्रवारी, उज्वला दुपारी लवकर घरी आली. उज्वला त्याची धाकटी बहीण, नेरूळच्या लॅबमध्ये रक्त तपासते. वडील जोतीराम काका मार्केटला माथाडी, ते कामावर. मावशी खाली दळण आणायला गेलेली. उज्वलाला ड्रेसला इस्त्री करायची होती. तिने तीन हाका मारल्या. कुलदीपच्या कानाला हेडफोन, डोळे स्क्रीनवर. शेवटी वैतागून ती भिंतीपाशी वाकली आणि प्लगला हात घातला.

हेडफोनमध्ये आवाज आला. कानाच्या आत, अगदी जवळ.

"आये, हात लावू नको."

स्क्रीन काळी झाली.

आणि मागे... धाड.

कुलदीप म्हणतो, त्या काळ्या काचेत त्याला मागची भिंत दिसत होती. उज्वलाचं डोकं भिंतीवर आपटत होतं. धाड. परत धाड. तिचे केस वर ताणले होते, मुठीत धरल्यासारखे, पण धरणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या वेळी पोपडा पडला आणि भिंतीवर लाल ठसा उमटला.

तो खुर्चीतून उठला. उठला असं त्याला वाटतं.

"दादा, सोड. दादा, पाया पडते, सोड मला."

कुलदीपने खाली बघितलं. उज्वलाचे केस त्याच्या मुठीत होते.

आपण कधी उठलो, कधी तिथे पोचलो, हे त्याला आजही आठवत नाही. मूठ उघडेना. त्याने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एक एक करून सोडवली. त्याच्याच उजव्या मनगटावर पाच बोटांचे वळ होते. पकडून ठेवल्यासारखे.

उज्वलाला नऊ टाके पडले. डॉक्टरला ती बाथरूममध्ये घसरल्याचं सांगितलं. घरी आल्यावर तिने वडिलांना खरं सांगितलं, आणि जोतीराम काकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुलदीपवर हात उचलला. ओझी उचलणारा हात तो. कुलदीपच्या ओठातून रक्त आलं. त्याने चुकवला नाही.

"मी नाही मारलं," एवढंच तो म्हणत राहिला. "उज्वला, तू सांग. मी खुर्चीत होतो ना?"

"मला तूच दिसलास, दादा," उज्वला म्हणाली.



मला मात्र त्याने रात्रपाळीला जाताना सगळं सांगितलं. आवाजाचं, केसाचं, 'येतो' म्हटल्याचं. मी त्याला पोटभर शिव्या घातल्या. त्याने ऐकून घेतल्या आणि मग म्हणाला, "भावा, शिफ्टचं टेन्शन नाही. घरी असतो त्याचं आहे. पुढच्या वेळी आईने प्लग काढला तर?"

त्याला स्वतःच्या जिवाची काळजी नव्हती. आपल्या हातून आईला काही होईल, एवढी एकच धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्यासमोर नंदकिशोरला फोन लावला. उचलला त्या म्हातारीने. राजाबाई तिचं नाव. स्पीकरवर होता फोन, मी स्वतः ऐकलंय.

"शेखर माजा धाकटा," ती म्हणाली. "त्या डब्यासमोर बसला का मानूस नसायचा तो. मी जेवायला बोलवला, आला नाय. म्हनून पलग काढला. त्याने माजे केस धरले. माजा डोला गेला, बाला. मंग नंदूने आडवा केला त्याला. तोच डबा उचलला नि त्याच्या डोक्यान घातला. सगला फुटला. तेवरा कार्ड नाय फुटला."

पोलिसांना त्यांनी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. आजही विचारणार नाही.

"आमी त्याला बांधून ठेवला होता घरान," ती पुढे म्हणाली. "कोनी जा म्हनला नाय, कोनी ये म्हनला नाय. तू बोललास 'येतो'. त्याला वाटला, कोनीतरी न्यायला आला."

"आता काय करू, मावशी?"

"काढ तो कार्ड. कापडान बांध नि माज्याकडे आन. निघताना येतो म्हनू नको. तुज्या घरच्यांनी पन मागून 'ये' म्हनायचा नाय. त्याला 'ये' मी म्हनीन. मी आय हाय त्याची."

फोन ठेवला तेव्हा कुलदीप रडत होता.  एक डोळा ज्याने फोडला, त्यालाच ही बाई घरी बोलवत होती.

शिरवण्याला, कुलदीपच्या घरी गेलो. कुलदीपने कार्ड काढलं, जुन्या टॉवेलात बांधलं, माझ्या सॅकमध्ये घातलं. कॉम्प्युटर तसाच उघडा राहिला, वायर भिंतीला. काका उज्वलाला घेऊन ड्रेसिंगला गेले होते. मावशी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. तिला काही सांगितलं तर ती हजार प्रश्न विचारील, म्हणून मीच म्हटलं, गप निघू.

ही माझी चूक. माझी एकट्याची.

आम्ही चपला हातात घेतल्या. चोरासारखे दाराबाहेर पडलो. दोन पायऱ्या उतरलो.

दाराचा आवाज झाला असेल. की पावलांचा. आतून, भाकरी थापता थापता, चाळीस वर्षांच्या सवयीने...

"नीट या रं."

कुलदीपने माझा दंड धरला. आम्ही दोघं तिथेच उभे. जिन्यात कोणी नव्हतं. ना श्वास, ना आवाज.

काही झालं नाही, असं मीच त्याला म्हणालो.

उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत गेलो. आम्ही दोघं, सॅक, आणि गाडी कशी पिसासारखी पळत होती. मला बरं वाटलं. आता वाटतं, तेव्हाच कळायला हवं होतं.

राजाबाई ओट्यावर वाट बघत होती. पुढे ताट, ताटात भात आणि सुक्या बोंबलाची चटणी. शेखरला आवडायची म्हणे. तिने ते टॉवेलातलं कार्ड उजव्या हातात घेतलं. तोललं. कानाला लावलं.

मग खाली ठेवलं.

"ह्याच्यान तो नाय," ती म्हणाली. "तुमचे घरान कोन 'ये' बोलला?"

कुलदीपने घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला.

कोणी बोलेना.

नुसता श्वास...

आणि मागे, लांबून, मावशीचा आवाज. ती झाडू मारत होती बहुतेक. स्वतःशीच पुटपुटत होती, या पोरानं वायर तशीच ठेवली बघा.

"आई, हात लावू नको," कुलदीप ओरडला. "आई, प्लगला हात लावू नको."

फोनमधून तेच वाक्य परत आलं. एका शब्दाच्या फरकाने.

"आये, हात लावू नको."

मग जो आवाज आला तो मी लिहिणार नाही. धाड एवढंच लिहितो. ते किती वेळा झालं हे कुलदीपला विचारू नका. त्याने मोजलंय.

शेजारच्या शर्मिला वहिनींनी दार तोडायला माणसं बोलावली. दाराला आतून कडी होती. मावशी भिंतीपाशी पडली होती, प्लग उजव्या मुठीत. डावा हात कोपरातून मोडलेला. डावा डोळा गेलेला.

जीव वाचला. जवळजवळ दोन महिने दवाखान्यात होती.

वहिनींनी जबाब दिला की आत तरुण पुरुषाचा आवाज होता आणि तो आईला शिव्या देत होता. उज्वलाच्या टाक्यांचं सगळ्यांना माहीत झालं होतंच. म्हणून पोलिसांनी कुलदीपला उचललं. तेव्हा मी लेखी दिलं. उरणच्या वाटेवरच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात आम्ही दोघं दिसलो, म्हणून तो सुटला.

पण तो घरी आला नाही. महाप्यालाच एका मित्राच्या खोलीवर राहतो. कॉम्प्युटरला हात लावत नाही. आईला फोन करतो, भेटायला येत नाही. उज्वला दर रविवारी त्याला डबा नेऊन देते. तिला आता वाटतं, त्या दिवशी खुर्चीतही तो होता आणि तिच्या केसांशीही तोच होता. यातलं खरं काय, हे तिने त्याला विचारलेलं नाही.

कार्ड राजाबाईकडे आहे. नंदकिशोर म्हणतो, ती रोज दुपारी ओट्यावर ताट मांडून "ये" म्हणते. अजून कोणी आलेलं नाही.

मी अधूनमधून मावशीला बघायला जातो. ती बोलते, चहा करते एका हाताने, मला शिव्याही घालते. मी निघताना काही म्हणत नाही. गप उठतो, चपला घालतो.

मावशी दारापर्यंत येते. उजवा हात तोंडावर घट्ट दाबून उभी राहते. मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत तो हात काढत नाही.

मागच्या रविवारी मी अर्ध्या जिन्यात सहज वळून बघितलं. तिचा तो एक डोळा माझ्यावर नव्हता. ती मान वळवून घरात बघत होती, भिंतीकडे. आणि घाबरून नकारार्थी मान हलवत होती... कोणीतरी तिला 'मी पन जाऊ?' असं विचारल्यासारखी.