वळणातले दाणे

'मंदाकिनी' यान मंगळाजवळ पोचले होते. वेग कमी करण्यासाठी गतिरोधक इंजिन आता पेटणार होते. ज्या शर्वरी खांडेपारकरने ते इंजिन घडवले, तिलाच त्याची भीती वाटत होती. हात थरथरत होते. मान वळवली की डोक्यात वीज लखलखल्यासारखे होई.

"गावित, आज इंजिन पेटवू नका. काहीतरी भयंकर होणार आहे."

"ताई, न पेटवून कसं चालेल? मंगळ मागे राहील, आपण अंतराळात भरकटू," कप्तान गावित म्हणाले. "काय बिघडलंय ते तरी सांगा."

ते तिला सांगता येईना. गावितांनी डॉक्टर मुकादमांना पाठवले.

उड्डाणानंतरच्या आगीत शर्वरीची अन्ननलिका भाजली होती. तेव्हापासून अन्न आणि नैराश्यावरचे औषध पोटात बसवलेल्या जठरनळीतून जाई.

"ही भीती, ही थरथर, सगळी लक्षणं औषध एकाएकी बंद झाल्याची आहेत," तिला तपासून मुकादम बुचकळ्यात पडले. "पण मी रोज देतोय. कॅप्सूल उघडून दाणे पाण्याबरोबर सोडतो."

"कुटून का नाही देत?"

"दाण्यांवर लेप असतो, औषध दिवसभर हळूहळू झिरपावं म्हणून. कुटलं तर सगळं एकदम रक्तात उतरेल."

शर्वरी थबकली. "वजन नसलं की इंधनसुद्धा टाकीच्या भिंतींना चिकटून राहतं, डॉक्टर. खाली उतरतच नाही. तुम्ही आठवड्यापूर्वी नळी बदलून ही लांब नळी बसवलीत ना?"

मुकादमांनी नळी उजेडात धरली. पोटावर उभ्या राहिलेल्या वळणात खसखशीसारखे पांढरे दाणे दाटून बसले होते.

"एवढंच ना! पाण्यानं ढकलून देतो." त्यांनी पिचकारी जोडली.

तिने त्यांचे मनगट पकडले. "इतक्या दिवसांचे डोस? एकदम? लेपही भिजून मऊ पडला असेल."

त्यांचा चेहरा उतरला. "आकडी येईल. हृदयही बंद पडेल. थांब, ओढून काढतो."

तेवढ्यात गावितांचा आवाज आला, "पट्टे बांधा. पेटवतोय!"

शर्वरी आसनात उताणी होती. इंजिन पेटले की वजन परतणार, आणि सुटलेले दाणे थेट पोटात उतरणार.

"चिमटा! पोटाजवळ!" ती किंचाळली.

मुकादमांनी नळीवर चिमटा दाबला. पुढच्याच क्षणी यान हादरले. छातीवर ओझे आले. दाणे वळणातून सुटले, घरंगळले आणि चिमट्यापाशी येऊन थटले. तिने तो चिमटा मुठीत आवळून धरला.

इंजिन शांत झाल्यावर मुकादमांनी सगळे दाणे ओढून काढले.

"आता गेली ना भीती?"

"कशी जाईल, डॉक्टर?" तिचे दात अजून वाजत होते. "औषध अजून पोटात गेलंच नाहीये."