सातव्या आणि आठव्या दगडामध्ये

नदीकाठचा सायकलमार्ग अकरा किलोमीटर चारशे मीटर लांब आहे. मोजणीचं चाक हातात धरून तो मी स्वतः तीनदा मोजला. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर मोजणीदार म्हणून सही माझीच आहे.

रस्ता देखणा आहे, नाही म्हणत नाही. डाव्या हाताला भरती-ओहोटीची नदी. उजव्या हाताला कमरेएवढी तारेची जाळी, तिच्यापलीकडे पाणथळ जमीन, चिखल आणि डोक्याच्या वर गेलेलं लव्हाळं. दर किलोमीटरला एक पांढरा दगड. दोन टोकांना पत्र्याची दोन फाटकं आणि दोन्हींवर कॅमेरे. मध्ये बाहेर पडायला जागा नाही.

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. रोज सकाळी पावणेसातला वरच्या फाटकातून आत आणि साडेसातला खालच्या फाटकातून बाहेर. दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी ते आत शिरले. वाकून पँटच्या पायाला क्लिप लावताना कॅमेऱ्यात दिसतात. बाहेर पडलेले कुठेच दिसत नाहीत.

होड्या फिरल्या, चिखल ढवळून झाला. सायकलसुद्धा मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी हवालदाराने ताईच्याच स्वयंपाकघरात उभं राहून तिला विचारलं, "घरात काही कुरबुर? म्हणजे... बाहेर कुणी?"

ताई आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर जो तो तेच सुचवू लागला. शेजारीण, दुकानाचा मालक, अगदी आमचे साहेबसुद्धा. ज्यांनी तो रस्ता बांधून घेतला, ते मला म्हणाले, "माणसं निघून जातात हो बाई. रस्त्याचा काय दोष?"

त्या वाक्याने मी पेटले. दुसऱ्या दिवशी कपाटातून मार्गाच्या डागडुजीची फाइल काढली. मुकादमाचं टिपण होतं: "सातवा ते आठवा दगड, जाळी कमी पडली, आणखी पाठवा." चार महिन्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. सहा वेळा, त्याच एका किलोमीटरसाठी. प्रत्येक टिपणाखाली साहेबांच्या हिरव्या शाईत एकच शब्द: "पाहिले."

मी चाक घेऊन तडक निघाले.

दुपारचे दोन वाजले होते. पूर्ण ओहोटी. नदीचं पात्र उघडं पडलं होतं आणि कुजकट, खारट वास नाकात बसत होता. सातवा दगड सात हजार मीटरवर आला. बिनचूक. आठ हजारांवर चाक थांबवून मी मान वर केली.

दगड नव्हता.

नुसता रस्ता होता. तसाच डांबरी, तशीच जाळी. मी चालत राहिले. आठ हजार तीनशे. आठ हजार सहाशे. बगळे कधी दिसेनासे झाले ते कळलं नाही. लव्हाळं हलत होतं, पण त्याची सळसळ ऐकू येत नव्हती. चाकाची टकटक तेवढी होती.

मागून सायकलची घंटी वाजली.

"बाजूला व्हा. अरे, तू? चालत कुठे निघालीस?"

भाऊजी. कॅमेऱ्यात होता तोच शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. ते जोर लावून पेडल मारत होते आणि तरी माझ्या चालीनेच चालले होते.

"भाऊजी, उतरा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "आत्ताच्या आत्ता उतरा."

"उशीर झालाय गं. आठवा दगड कुठे राहिला कोण जाणे. ताईला म्हणावं, डबा टेबलावरच विसरलो आज."

"आज नाही हो! दोन महिने झाले! तिकडे ताईला लोक काय वाटेल ते बोलतायत. उतरा म्हणते ना!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार दमलेले होते ते.

"इथे उतरायचं नसतं," ते हळूच म्हणाले. "उतरले ते बघ तिकडे उभे आहेत."

हनुवटीने त्यांनी जाळीपलीकडे दाखवलं.

मी पाहिलं नाही. धीरच झाला नाही. त्याची चीड मला अजून येते.

मी कॅरिअर धरलं. गार, ओलं लोखंड. त्यांनी वेग वाढवला नाही, तरी ते माझ्या मुठीतून निसटत गेलं.

चाक ढकलत, ओरडत मी धावले.

डाव्या हाताला पाणी चढायला लागलं होतं.

मग एकदम समोर आठवा दगड होता. चाकावर नऊ हजार दोनशे साठ.

तशीच, चिखलाच्या चपलांनी, मी साहेबांच्या खोलीत शिरले आणि चाक त्यांच्या टेबलावर आपटलं. त्यांनी आकडा वाचला. दचकले नाहीत. म्हणाले, "गेल्या वर्षी नऊशे जास्त भरले होते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"वर कळवलं होतं. लोकांना रस्ता आवडतो बाई. आणि बंद करायचा तर कागदावर कारण काय लिहू? तुम्हीच सांगा ना."

"माणसं आत आहेत, असं लिहा!"

त्यांनी चाक उचलून खाली ठेवलं आणि पुढची फाइल ओढली. एवढा निगरगट्ट माणूस मी पाहिला नाही.

त्याच संध्याकाळी मी दोन मोठी कुलपं घेतली आणि दोन्ही फाटकांना बाहेरून लावली. सायकलवाल्यांनी शिव्या घातल्या, मी त्यांना सवाई शिव्या घातल्या. किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या.

माझ्याकडून सगळं ऐकून आज सकाळी ताई म्हणाली, "मला ने तिथे. मी त्यांना हाक मारते. माझं ऐकतील ते." नाही म्हणवलं नाही. वरच्या फाटकाशी आम्ही पोहोचलो तेव्हा पावणेसात व्हायचे होते. मी किल्ली काढली.

कडी रिकामी होती.

फाटक ढकललं. हललं नाही. मी गुडघ्यांवर बसून पत्र्याच्या फटीला डोळा लावला. कुलूप माझंच होतं, जसंच्या तसं बंद. आता ते फाटकाच्या आतल्या बाजूला लटकत होतं, आणि नुकतंच कुणी हात काढल्यासारखं झुलत होतं.