शहाणा होऊन ये

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेलं आहे आणि ती थापा मारणारी बाई नाही. शिवाय ही रात्रीची गोष्टही नाही. रविवारची, भर दुपारची, माणसांनी गच्च भरलेल्या हॉलमधली आहे.

डायनासोरचं प्रदर्शन लागलं होतं. जवळ गेलं की मान वळवणारे, डरकाळ्या फोडणारे रबरी डायनासोर. ताई दोन्ही पोरांना घेऊन एकटीच गेली. मोठा पाच वर्षांचा. दिवसभर कानाशी भुणभुण, म्हणून घरात त्याचं नावच भुंगा. धाकटी चिमी, तीन वर्षांची.

भुंग्याने त्या दिवशी ताईला नको जीव केला. डायनासोरची शेपटी ओढली. वाळूतून हाडं शोधायच्या खेळात दुसऱ्या पोराच्या डोळ्यांत वाळू उडवली. त्या पोराच्या आईची बोलणी ताईने निमूटपणे खाल्ली.

शेवटी एक मोठं अंडं होतं, फायबरचं. पुढच्या भेगेतून मुलांनी आत शिरायचं, मागच्या झडपेतून बाहेर यायचं. भेगेपाशी प्रदर्शनाचा टी-शर्ट घातलेली बाई एका वेळी एकच मूल आत सोडत होती.

ताईने भुंग्याला दंडाला धरून आत ढकललं.

"जा. आणि असाच परत येऊ नकोस. शहाणा होऊन ये."

आतून त्याचं खिदळणं ऐकू आलं.

मग... ते मधेच थांबलं.

झडप उघडली. भुंगा बाहेर आला. ओरडला नाही, पळाला नाही. सरळ येऊन त्याने ताईचा हात धरला.

"चल आई. चिमी दमली असेल."

ताईला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे तिनेच मला सांगितलं.

मग तिची नजर त्याच्या बुटांवर गेली. आत जाताना एक लेस लोंबत होती. आता दोन्ही नीट बांधलेल्या होत्या.

भुंग्याला लेस बांधता येत नव्हती.

चिमी अंड्याला कान लावून उभी होती.

"दादा आत आहे," ती म्हणाली.

आणि आतून... टकटक.

"आई... इथे सगळीकडे भिंतच आहे गं. मला बाहेर काढ. मी नाही त्रास देणार."

ताईने त्या बाईला आत बघायला लावलं. बाईने टॉर्च मारला. आत कोणी नव्हतं, आणि मुलगा तर तुमच्या हाताशीच आहे, असं म्हणून तिने पुढचं मूल आत सोडलं. ते हसत बाहेर आलं. मग आणखी एक. आवाज मात्र चालूच होता, आणि ताई आणि चिमीशिवाय कोणालाच तो ऐकू येत नव्हता.

ताईच्या हातातला हात मऊ, गरम होता. पकड घट्ट होती.

लोक बघायला लागले. मुलाचा हात धरून, माझा मुलगा आत अडकलाय असं कोणाला सांगणार? ताईने चिमीला कडेवर उचललं आणि ती चालायला लागली.

मागून आवाज आला...

"आई, मी झालो गं शहाणा. बघ ना. झालो."

ती वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावत तिथे गेली, तेव्हा हॉल रिकामा होता. अंडं कुठल्या ट्रकमधून कुठे गेलं, कोणालाच सांगता आलं नाही.

पोरगा आता सांगितलेलं ऐकतो. आजी त्याचं कौतुक करत सुटलीये. त्याला आता कोणी भुंगा म्हणत नाही. चिमी त्याच्या शेजारी बसत नाही, त्याला दादाही म्हणत नाही.

एकदा जेवण झाल्यावर त्याने आपलं ताट उचललं, धुतलं, पुसून ठेवलं आणि तो ताईजवळ येऊन बसला.

"आई, तुला ऐकू आलं होतं ना?"

ताईने नजर वळवली.

"बरं केलंस," तो म्हणाला. "त्याचा तुला फार त्रास होता ना?"

ताई "हो" म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही सांगता येत नाही. मी तेव्हापासून तिच्या घरी गेलेलो नाही.